नावाचा सातबारा आपल्याच नावावर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे तशी नाशिक शहरात एक वेगळीच लगबग दिसते. तीर्थपुरोहित, टॅक्सीचालक, होमस्टे चालवणारी कुटुंबे, गाईड, छायाचित्रकार, मिसळवाले, येवल्याचे पैठणी विणकर, द्राक्षबागांचे सल्लागार, योगशिक्षक, वकील, डॉक्टर अशा सगळ्यांनाच इंटरनेटवर स्वतःचे नाव हवे आहे. त्यात गैर काहीच नाही. २०२७ मध्ये बाहेरगावचा माणूस पंचवटीत उतरून कुणाला पत्ता विचारण्याआधी फोनवर नाव शोधणार आणि तिथे जे दिसेल त्यावर ठरवणार. म्हणून 'पर्सनल ब्रँडिंग'च्या कार्यशाळा भरतात आणि त्यांत बहुतेक वेळ फॉलोअर्स कसे वाढवायचे यावर जातो. हे नाव नेमके कुणाच्या ताब्यात आहे, हा पहिला प्रश्न मात्र मागे राहतो. त्याविषयी हे पत्र आहे.

नेहमीचा व्यवहार असा असतो. एखादी एजन्सी महिन्याच्या ठरावीक रकमेवर 'सगळं आम्ही बघतो' म्हणते. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, ती स्वतःच्या खात्यातून घेते. फेसबुक पान तिच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलवरून निघते, इन्स्टाग्रामला त्याच कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर जोडला जातो आणि गुगल नकाशावरची नोंद एजन्सीच्या जीमेलवर होते. वर्ष-दोन वर्षांनी पैशांवरून बिनसते किंवा तो कर्मचारी नोकरी सोडतो, आणि मग कळते की पाटी आपली असली तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. पानावर फोटो आणि नाव तुमचे आहे एवढ्यावरून फेसबुक-गुगलसारखी कंपनी ताबा देत नाही. ती मुख्यतः नोंदवलेला ईमेल आणि नंबर ओळखते. आपल्याकडे जमिनीचा सौदा करताना शंभर वेळा उतारा तपासणारी माणसे स्वतःच्या नावाबाबत इतकी निर्धास्त कशी राहतात, याचे वाईट वाटते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फक्त या कामासाठी एक वेगळा ईमेल काढावा. तो कुठल्या कार्डावर छापू नये आणि रोजच्या पत्रव्यवहारासाठी वापरू नये. त्याला स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर आणि घरातल्या एका विश्वासू माणसाचा ईमेल जोडावा. पुढचे प्रत्येक खाते याच ईमेलवर काढावे. एजन्सी नेमायला काहीच हरकत नाही, पण तिला पासवर्ड देऊ नये, अधिकार द्यावेत. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये 'परमिशन्स' आहे. तिथे मॅनेजर, एडिटर, फक्त पाहणारा असे दर्जे असतात, आणि व्हिडिओ चढवणाऱ्याला एडिटरचा दर्जा पुरतो. फेसबुक पानाचा पूर्ण ताबा स्वतःच्या प्रोफाइलकडे ठेवून दुसऱ्याला ठरावीक कामांपुरता प्रवेश देता येतो. गुगल बिझनेस प्रोफाइलमध्ये 'मुख्य मालक' आणि 'व्यवस्थापक' वेगळे असतात, तिथे मुख्य मालक तुम्हीच असला पाहिजेत. मालकी बदलायची असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच बदलून घ्यावी, कारण नव्याने आलेल्या मालकाला पहिले ७ दिवस ठरावीक अधिकार वापरता येत नाहीत. एजन्सी दादच देत नसेल तर त्या नोंदीवर 'ताबा हवा' अशी विनंती टाकता येते. सध्याच्या मालकाला उत्तरासाठी ३ दिवस असतात. त्याने उत्तर दिले नाही, तर काही वेळा स्वतः पडताळणी करून ताबा घेण्याचा पर्याय खुला होतो.

डोमेनबाबत जास्त सावध राहावे लागते, कारण तिथली चूक उशिरा कळते. डोमेन नोंदवताना 'रजिस्ट्रंट' म्हणजे धारक म्हणून तुमचेच नाव आणि तुमचाच ईमेल हवा. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीचा संदेश येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केले नाही तर संकेतस्थळ बंद पडू शकते, आणि 'काल चालू होतं, आज दिसत नाही' या तक्रारींमागे बरेचदा हेच असते. डोमेनचे भाडे वर्षावर असते आणि ते एकदम १० वर्षांपर्यंतचे भरता येते. मुदत संपल्याची पत्रे एजन्सीच्या ईमेलवर जात राहिली, तर तुम्हाला पत्ताच लागत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीनंतरचा सवलतीचा काळ संपल्यावर ३० दिवस असे असतात की मोठा दंड भरून नाव सोडवता येते. त्यानंतर ते कुणालाही घेता येते. दवाखान्याच्या पाटीवरचा पत्ता टाइप केला आणि जुगाराचे पान उघडले, असे होते ते यामुळे.

स्वतःचे संकेतस्थळ कशाला, इन्स्टाग्राम आहे की, असे विचारणाऱ्यांनी मागचा इतिहास आठवावा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते, आणि गावोगावच्या कितीतरी मराठी कलाकारांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. छोट्या दुकानदारांना गुगलने फुकट दिलेली एक पानी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर आणि पिशव्यांवर छापला होता, त्यांना सगळे पुन्हा छापावे लागले. ही सगळी भाड्याची जागा आहे. तिथे दुकान जरूर मांडावे, पण घर स्वतःचे असावे. चार पाने पुरतात: आपण कोण, नेमके काय करतो, कामाची पद्धत व दर, आणि संपर्क. शिवाय ग्राहकांचे नंबर त्यांच्या संमतीने वहीत किंवा तक्त्यात स्वतःजवळ ठेवावेत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. 'पाठवलं पण कुणाला मिळालंच नाही' याचे कारण बहुधा हेच. म्हणून कार्ड देतानाच नंबर जतन करायला सांगावे. आणि धंद्याचा नंबर कामगाराच्या नावावरच्या सिमवर असू नये. रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि त्यावर येणारे ओटीपीही मग त्यालाच जातात.

आता नावाविषयी. मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना जो घोळ होतो, तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. 'दीक्षित'मध्ये एक 'आय' की दोन 'ई', 'क्ष'साठी 'के-एस-एच' की 'एक्स', असे प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. नाशिकचेच स्पेलिंग 'एच'सह आणि 'एच'विना असे दोन तऱ्हांनी चालते. म्हणून एक स्पेलिंग ठरवावे, शक्यतो आधार आणि बँकेतल्यासारखे, आणि सगळीकडे तेच वापरावे. यामागे साधे कारण आहे. खाते हातून गेले तर कंपनी ओळखपत्र मागते आणि त्यावरचे नाव पानाशी ताडून पाहते. शिवाय ग्राहकाने क्यूआर स्कॅन केला की त्याला बँकेतले नाव दिसते. पानावर एक आणि क्यूआरवर दुसरे नाव दिसले की फसवणुकीच्या भीतीने माणूस पैसे पाठवायचा थांबतो, आणि आजच्या दिवसांत त्याला दोष देता येणार नाही. व्यवसायाचे नाव वेगळे असेल तर पानावर मालकाचे नावही स्पष्ट लिहावे.

इन्स्टाग्रामचे खातेनाव ३० अक्षरांपर्यंत चालते, पण फोनवर सांगताना एका दमात सांगता येईल एवढेच ठेवावे. टिंबे आणि अंडरस्कोर टाळावेत. बनावट खाते काढणारा नेमका एखादा अंडरस्कोर वाढवूनच काढतो, आणि मूळ नावातच ते असतील तर फरक कुणाच्या लक्षात येत नाही. गुगल नकाशावर मात्र पाटीवर आहे तेच नाव लिहावे. 'नाशिकमधील सर्वोत्तम' असले शेपूट जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यावरून नोंद निलंबित होऊ शकते. घरून काम करणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी, घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवण्याची सोय वापरावी.

देवनागरीचाही एक प्रश्न आहे. माहितीपत्रक छापखान्यात युनिकोड (सगळ्या उपकरणांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फाँटात बनलेले असते. तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. मग कंटाळून सगळे पत्रक चित्र म्हणून चढवले जाते. वाचणाऱ्याला ते दिसते, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ते मजकुराइतके स्पष्ट नसते, आणि अंध वाचकाच्या फोनला ते नीट वाचून दाखवता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा, किंवा फाँट बदलून देणाऱ्या साधनाने युनिकोडमध्ये आणून नीट तपासावा. तिथेही 'ॲकॅडमी'मधला 'ॲ' एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा 'अ'ला चंद्र जोडून. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य'ही दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना ते सारखे दिसतात, संगणकासाठी मात्र वेगळे असतात. एक रीत धरावी, आणि संकेतस्थळावर आपले नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत मजकूर म्हणून लिहावे. नाशिकचा माणूस मराठी बोलतो, पण शोधताना बरेचदा रोमनमध्ये टाइप करतो.

काय लिहावे याचे उत्तर प्रत्येकाच्या कामातच असते. एजन्सीच्या 'महिन्याला ३० पोस्ट'मध्ये जयंती, पुण्यतिथी आणि सणांच्या तयार शुभेच्छा भरलेल्या असतात, खाली आपला हात जोडलेला फोटो. इन्स्टाग्रामवर पान उघडताच वरचे काही चौकोन दिसतात. नवख्या माणसाला त्यांत तुमचे काम दिसले नाही, तर तो पुढे सरकतो. महिन्याला कामाच्या चार गोष्टी आल्या तरी पुष्कळ. द्राक्ष सल्लागाराचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटत असताना, पाऊस झाला की शेतकरी केवडा या रोगाबद्दल शोधतो. त्याच दोन-तीन दिवसांत निफाड-दिंडोरीच्या हवेला धरून ४ मिनिटांचा व्हिडिओ आला तर तो उपयोगाचा, महिन्याने आलेला फुकट. पण त्या व्हिडिओच्या शीर्षकात हंगाम आणि तारीख असलीच पाहिजे. निर्यातीच्या द्राक्षांवर चालणाऱ्या औषधांची यादी बदलत असते, आणि तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून कुणी फवारले तर माल औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीत अडकतो. नुकसान शेतकऱ्याचे होते, नाव मात्र सल्लागाराचे जाते. जुना व्हिडिओ काढायचा नसेल तर पहिली टिप्पणी म्हणून 'हा सल्ला अमुक हंगामापुरता' असे वर डकवून ठेवावे.

फॉलोअर्स विकत घेऊ नयेत हे सगळे सांगतात, पण त्यामागचे कारण कुणी सांगत नाही. नवी पोस्ट किती जणांपुढे न्यायची हे ठरवताना आधीच्या लोकांचा प्रतिसाद पाहिला जातो. खात्यात दहा हजार निर्जीव नावे भरली, तर प्रतिसादाचे प्रमाण घसरते आणि खरोखर तुमच्यासाठी आलेल्या पाचशे जणांनाही पोस्ट कमी दिसते. एकदा भरलेली ही नावे वेचून काढणे फार जिकिरीचे असते. बिझनेस खात्यावरून सिनेमातले गाणे लावलेल्या रीलचा आवाज बंद होणे हीदेखील नेहमीची अडचण. अशा खात्यांना व्यावसायिक वापराची परवानगी असलेलेच संगीत मिळते, म्हणून स्वतःचा आवाज किंवा कामाच्या जागेचा आवाज उत्तम. हातमागाचा आवाज असताना पैठणीच्या रीलला गाणे हवेच कशाला?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती टाळण्यासारखी नाही. पैसे, वस्तू किंवा फुकट जेवण घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात असते. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या, २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तसे स्पष्ट लिहावे लागते. व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा असेल तर ती सूचना किमान ३ सेकंद आणि २ मिनिटांपर्यंतचा असेल तर एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे. व्हिडिओ मराठी असेल तर 'जाहिरात' असे मराठीतच लिहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू होतो. वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरात करू देत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. 'जिंकलेले खटले' सांगणारी रील त्यात बसत नाही. डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेचे बंधन आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग वैद्य कितीही जुन्या घराण्यातला असो. शेअर कोणता घ्यावा हे सांगायचे तर सेबीची नोंदणी हवी. व्यवसायाचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचे तर व्यक्तीला वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. ती मिळण्याआधी नावापुढे वर्तुळातला 'आर' लावणे हा गुन्हा आहे.

अभिप्रायांच्या बाबतीत 'रिव्ह्यू दाखवा, चहा मोफत' अशी पाटी लावणे गुगलच्या नियमांत बसत नाही. असे अभिप्राय काढले जातात आणि कधी नोंदीवरही गदा येते. काम संपल्यावर त्याच दिवशी दुवा पाठवून साधी विनंती करावी, एवढेच पुरते. वाईट अभिप्रायाला दोन-तीन वाक्यांत आणि शांतपणे उत्तर द्यावे: काय झाले, काय दुरुस्त केले, कुणाशी बोलावे. डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी तर 'तुम्ही अमुक तारखेला आला होता' असेही लिहू नये. ती व्यक्ती आपली रुग्ण आहे हे उघड करणेच गोपनीयतेचा भंग आहे.

सिंहस्थाच्या काळात बनावट खात्यांची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. पुरोहितांच्या नावाने आगाऊ दक्षिणा घेणे, होमस्टेच्या फोटोंवर खोटे बुकिंग घेणे, हे कुठल्याही गर्दीच्या तीर्थक्षेत्री घडू शकते. आपल्या तीर्थपुरोहितांनी यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या घरात जपल्या. त्यांचेच नाव कुणा भामट्याने वापरणे सहन होण्यासारखे नाही. बनावट खाते दिसले की रागाने लगेच ब्लॉक करू नये, कारण मग ते तुम्हालाच दिसेनासे होते. आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि खात्याचा पूर्ण दुवा उतरवून ठेवावा. मग कंपनीकडे तोतयेगिरीची तक्रार ओळखपत्रासह करावी. इन्स्टाग्रामवर खाते नसलेल्यालाही हा अर्ज भरता येतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागण्याची आशा असते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. आणि आपल्या प्रत्येक पानावर आजच एक ओळ घालावी: 'आमचे व्यवहार फक्त या क्रमांकावर आणि या नावाच्या बँक खात्यात.'

खरे खाते चोरीला जाण्याचे मार्गही ठरलेले आहेत. 'कॉपीराइट उल्लंघन, २४ तासांत खाते बंद' असा घाबरवणारा संदेश आणि खाली खोटे लॉगिन पान, हा पहिला. खाते अधिकृत असल्याची निळी खूण मिळवून देतो म्हणणारा, हा दुसरा. तिसरा यूट्यूबरांसाठी असतो. जाहिरातीचा करार म्हणून फाइल पाठवली जाते. ती संगणकावर उघडली की ब्राउझरमध्ये जतन असलेली लॉगिनची खूण, म्हणजे सेशन कुकी, चोरली जाते. यात पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही निरुपयोगी ठरतात, कारण चोर आधीच 'आत' असतो. म्हणून अनोळखी करार फक्त फोनवर किंवा ऑनलाइन पाहावेत, चॅनेलच्या संगणकावर उतरवू नयेत. दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी एसएमएसपेक्षा फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे. फोन हाताशी नसेल तेव्हा वापरण्यासाठी गुगल १० राखीव कोड देते. ते कागदावर लिहून कपाटात ठेवावेत, त्याच फोनच्या गॅलरीत नव्हे.

दिवाळीत आपले व्यापारी वहीपूजन करतात. नावाचा हिशेबही त्याच दिवशी तपासावा, त्याला अर्धा तास पुरतो. ब्राउझरच्या खासगी खिडकीत दोन्ही लिप्यांत आपले नाव शोधून पहिल्या पानावर काय येते ते पाहावे. डोमेनची मुदत पाहावी. प्रत्येक खात्यात कुणाकुणाला प्रवेश आहे ते पाहून सोडून गेलेल्यांची नावे काढावीत. नकाशावरच्या वेळा आणि नंबर जुळतात का, तेही पाहावे. गुगल २ वर्षे न वापरलेले खाते काढून टाकू शकते, म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या खास ईमेलमध्येही एकदा शिरून यावे. आणि त्याच खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' उघडून, आपल्यामागे या खात्यातली माहिती कुणाच्या हाती जावी त्या माणसाचे नाव भरावे.

आपला,
एक नियमित वाचक
गंगापूर रोड, नाशिक